ऐरणीवरून आलेले आडनाव

'फेरारी' हा शब्द कानावर पडताच आज बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तांबड्या रंगाची, वाऱ्याशी स्पर्धा करणारी मोटार उभी राहते. परंतु मोटार जन्माला येण्यापूर्वी कित्येक शतके हा शब्द इटली देशात नांदत होता. तो मूळचा यंत्राचा नव्हे, माणसांचा आहे. इटलीत सर्वांत अधिक आढळणाऱ्या आडनावांत त्याची गणना अगदी आरंभीच होते. शेतकरी, शिक्षक, वैद्य, दुकानदार, गायक अशा सर्व प्रकारच्या लोकांचे हे आडनाव आहे. या एका लहानशा शब्दात खेड्यातील एक जुने काम आणि त्या देशाचा बराचसा इतिहास साठवलेला आहे. तो उलगडण्यासाठी प्रथम शब्दाचा अर्थ पाहिला पाहिजे.

प्राचीन रोमन लोकांची भाषा लॅटिन. या भाषेत लोखंडाला 'फेरुम' म्हणत. या शब्दाला 'आरियुस' हा प्रत्यय लागला, की 'फेरारियुस' असा शब्द तयार होई. त्याचा अर्थ लोखंडाचे काम करणारा, म्हणजेच लोहार. आपल्या भाषेतही शब्द घडविण्याची अशीच रीत आहे. संस्कृतातील 'लोहकार' या शब्दापासून 'लोहार' झाला, 'कुंभकारा'पासून 'कुंभार' झाला आणि 'चर्मकारा'पासून 'चांभार' झाला. दोन्ही ठिकाणी आधी वस्तूचे नाव येते आणि मागून 'ते काम करणारा' असे सांगणारा प्रत्यय येतो. पुढे लॅटिन भाषेपासून इटालियन भाषा निर्माण झाली, तेव्हा 'फेरारियुस' या शब्दाची 'फेरारो' आणि 'फेरारी' अशी रूपे झाली.

पण लोहाराला लोहार म्हणणे निराळे आणि लोहार हे त्याच्या वंशजांचे आडनाव होणे निराळे. कामाचे नाव आडनाव कसे झाले, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

रोमन साम्राज्याच्या भरभराटीच्या काळात तेथील प्रतिष्ठित पुरुषाला बहुधा तीन नावे असत. एक त्याचे स्वतःचे, दुसरे कुळाचे आणि तिसरे त्या कुळातील शाखेचे. इ. स. ४७६ मध्ये पश्चिमेकडील रोमन साम्राज्य लयास गेले. जुनी व्यवस्था मोडली आणि तिच्याबरोबर नावांची ही पद्धतही हळूहळू नाहीशी झाली. लोक एकाच नावावर भागवू लागले. लहान खेड्यात तेवढ्याने काम भागतही असे, कारण तेथे सर्वजण एकमेकांना चेहऱ्याने ओळखत.

दहाव्या शतकानंतर इटलीतील नगरे वाढू लागली. व्हेनिस, जिनोव्हा, फ्लॉरेन्स, बोलोन्या अशा शहरांत व्यापार फुलला. घरे विकली जाऊ लागली, कर्जे दिली-घेतली जाऊ लागली आणि करांच्या याद्या तयार होऊ लागल्या. आता एक अडचण उभी राहिली. संतांची नावे मुलांना ठेवण्याची प्रथा असल्यामुळे एकाच वस्तीत अनेक 'जोव्हान्नी' आणि अनेक 'प्येत्रो' असत. कर्ज घेतले एका जोव्हान्नीने आणि वसूल झाले दुसऱ्याकडून, असे झाले तर काय करावे? म्हणून करारपत्रे लिहिणारे लेखक नावापुढे ओळखीची एखादी खूण लिहू लागले.

ही खूण मुख्यतः चार प्रकारची असे. पहिला प्रकार पित्याच्या नावाचा. 'दी जोव्हान्नी' म्हणजे जोव्हान्नीचा मुलगा. दुसरा प्रकार गावाचा किंवा प्रदेशाचा. 'रोमानो' म्हणजे रोमचा रहिवासी. तिसरा प्रकार रूपाचा किंवा स्वभावाचा. ज्याचे केस तांबूस, त्याला 'रोस्सो', म्हणजे तांबडा, असे म्हणत आणि त्यावरून 'रोस्सी' हे आडनाव आले. चौथा प्रकार उद्योगाचा. पीठगिरणी चालविणारा तो 'मोलिनारी', शिंपी तो 'सार्तोरी', केशकर्तन करणारा तो 'बार्ब्येरी' आणि लोखंडाचे काम करणारा तो 'फेरारी'.

'फेरारी' या रूपाच्या शेवटी 'ई' का यावी, याचेही उत्तर मनोरंजक आहे. इटालियन भाषेत पुष्कळशा पुल्लिंगी नामांचे एकवचन ओकारान्त असते आणि अनेकवचन ईकारान्त असते. एक लोहार तो 'फेरारो' आणि अनेक लोहार ते 'फेरारी'. शिवाय 'लोहाराचा' हा अर्थ सांगताना लॅटिन भाषेतही शब्दाच्या शेवटी 'ई' येत असे, आणि करारपत्रे बहुधा लॅटिनमध्येच लिहिली जात. तेव्हा 'फेरारी' म्हणजे नुसता लोहार नव्हे, तर 'लोहारांच्या घरचा'. अंत्य अक्षर बदलले आणि एका माणसाचा धंदा सबंध घराण्याची ओळख झाला.

येथे एक प्रश्न मनात येतो. त्या काळी इटलीत शेतकरी सर्वांत अधिक होते. मग शेतकऱ्यावरून आलेली आडनावे लोहारावरून आलेल्या आडनावांइतकी विपुल का नाहीत? उत्तर असे, की आडनाव ही वेगळेपणाची खूण आहे. ज्या गावात शंभर घरांपैकी नव्वद घरे शेतकऱ्यांची, तेथे 'शेतकरी जोव्हान्नी' म्हटल्याने कोणाचीच ओळख पटत नाही. लोहार मात्र गावात एखादाच असे. 'लोहाराचा जोव्हान्नी' म्हटले, की लहान मुलालाही तो कोण ते समजे. लोहार जवळजवळ प्रत्येक गावाला लागे, परंतु एका गावाला फारसे लोहार लागत नसत. म्हणूनच गावोगावी एकेक घर 'फेरारी' झाले आणि सर्व देशात मिळून त्यांची संख्या फार मोठी झाली.

आणि गावाचे त्याच्यावाचून खरोखरच अडत असे. नांगराचा फाळ, विळा, कुऱ्हाड, कुदळ, दाराची बिजागरी, पेटीचे कुलूप, गाडीच्या चाकावरची धाव आणि भिंतीतला खिळा या साऱ्या वस्तू त्याच्या हातून येत. पहाटे भट्टी पेटवावी, भात्याने वारा घालून निखारे फुलवावे, लोखंड तापून लाल झाले की सांडशीने धरून ऐरणीवर ठेवावे आणि ते निवण्यापूर्वी घणाचे घाव घालून त्याला आकार द्यावा, असा त्याचा दिनक्रम असे. क्षणभर उशीर झाला तर लोखंड वळत नसे. फाळ मऊ राहिला तर नांगरणी खोळंबत असे आणि नांगरणी खोळंबली तर पुढच्या वर्षी ताटात अन्न कमी पडत असे. गावाचे अन्न शेतकरी पिकवी, परंतु ते पिकविण्याचे साधन लोहार घडवी.

घोड्यांना आणि खेचरांना नाल ठोकणे हेही एक महत्त्वाचे काम होते. इटालियन भाषेत नाल ठोकण्याच्या क्रियेला 'फेरारे' म्हणतात. तो शब्दही त्याच 'फेरुम' या मुळापासून निघाला आहे. मोठ्या शहरांत हे काम करणारांचा स्वतंत्र वर्ग असे. फ्लॉरेन्स शहरात कारागिरांचे आणि व्यापाऱ्यांचे एकंदर एकवीस संघ होते. तेथील ओर्सानमिकेले नावाच्या वास्तूच्या बाहेरील भिंतीत या संघांनी आपापल्या संतांच्या मूर्ती बसविल्या आहेत. नालबंदांच्या संघाने इ. स. १४२० च्या सुमारास नान्नी दी बांको या शिल्पकाराकडून संत एलिजिओ याची मूर्ती करवून घेतली. मूर्तीच्या खाली कोरलेल्या चित्रात एक चमत्कार दाखविला आहे. उधळ्या घोड्याला नाल ठोकता येईना, म्हणून संताने त्याचा पायच काढून घेतला, ऐरणीवर ठेवून त्याला नाल ठोकली आणि तो पाय पुन्हा जसाच्या तसा घोड्याला जोडला, अशी ती कथा आहे. धनाढ्य व्यापाऱ्यांच्या संघांनी उभारलेल्या मूर्तींच्या रांगेत नालबंदांच्या संतालाही जागा मिळाली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

इटलीत शतकानुशतके अनेक लहानमोठी राज्ये होती. १८६१ मध्ये एकीकृत राज्याची घोषणा झाली, तोवर प्रत्येक प्रदेशाची बोली आपापल्या वळणाने वाढत राहिली. त्यामुळे एकच लॅटिन शब्द ठिकठिकाणी निरनिराळा उच्चारला गेला, आणि आडनावे ही त्या बोलींची जणू छायाचित्रेच ठरली. एमिलिया आणि लोंबार्दी या उत्तरेकडील प्रांतांत 'फेरारी' हे रूप विपुल आढळते. वायव्येस आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी प्येमोन्ते प्रांतात तेच 'फेरेरो' होते. दक्षिणेकडे नेपल्सच्या परिसरात आणि कालाब्रियात ते 'फेरारो' असते. तोस्काना प्रांताच्या बोलीत 'आरियुस' या प्रत्ययाचे 'आयो' झाले. त्या प्रांतातील एल्बा बेटावर लोखंडाच्या प्राचीन खाणी आहेत आणि तेथील बंदराचे नाव आहे 'पोर्तोफेरायो', म्हणजे लोखंडाचे बंदर.

लॅटिनमध्ये कारागिराला आणखी एक शब्द होता, 'फाबेर'. आजच्या इटालियन भाषेत लोहाराला 'फाब्रो' म्हणतात, तो शब्द याच 'फाबेर'पासून आला. त्यावरूनही आडनावांचे दुसरे कुटुंब वाढले. तोस्काना आणि रोमान्या येथे 'फाब्री', ईशान्येकडील फ्रिउली प्रांतात 'फाब्रिस', व्हेनिसच्या आसपास 'फावारो' आणि 'फावेरो', तर सार्डिनिया बेटावर 'फ्राऊ'. उच्चार किती दूर गेले आहेत! तरीही अर्थाच्या दृष्टीने 'फेरारी' आणि 'फ्राऊ' हे एकाच ऐरणीचे दोन नाद आहेत.

आरंभी ही नावे फारशी स्थिर नव्हती. बाप लोहार आणि मुलगा शिंपी झाला, तर मुलाचे उपनाव बदलूनही जाई. पुढे हळूहळू ती पिढ्यान्पिढ्या टिकू लागली. त्रेंतो या नगरात भरलेल्या धर्मपरिषदेने इ. स. १५६३ मध्ये असा नियम केला, की प्रत्येक गावच्या धर्मोपदेशकाने विवाहांची नोंदवही ठेवावी. बाप्तिस्म्याच्या नोंदीही ठेवल्या जाऊ लागल्या. एकदा वहीत 'फेरारी' असे लिहिले गेले, की मुलाने हाती घण घेतला काय किंवा लेखणी घेतली काय, त्याचे नाव फेरारीच राहिले. येथून पुढे आडनाव आणि काम यांच्या वाटा निराळ्या झाल्या.

याची उदाहरणे पुष्कळ देता येतील. 'मेदिची' या आडनावाचा अर्थ वैद्य. परंतु फ्लॉरेन्सवर सत्ता गाजविणारे त्या नावाचे घराणे पेढीच्या व्यवसायावर मोठे झाले. प्येमोन्ते प्रांतातील आल्बा या गावी प्येत्रो फेरेरो नावाचे मिठाईवाले होते. त्यांच्या आडनावाचा अर्थ लोहार. पण त्यांनी १९४६ साली जो कारखाना काढला, त्यातून लोखंडाच्या वस्तू नव्हे, तर चॉकलेटे जगभर गेली.

क्वचित मात्र नाव आणि काम यांची पुन्हा गाठ पडते. एन्झो फेरारी यांचा जन्म १८९८ साली मोदेना येथे झाला. त्यांच्या वडिलांचा धातुकामाचा कारखाना होता. पहिल्या महायुद्धात एन्झो सैन्यात भरती झाले, तेव्हा त्यांच्याकडे खेचरांना नाल ठोकण्याचे काम आले. लोहाराचे आडनाव धारण करणारा तरुण नकळत पूर्वजांच्या नावातील कामच करीत होता! पुढे मोदेनाजवळच्या मारानेल्लो या गावी त्यांनी कारखाना उभारला आणि १९४७ साली त्यांच्या नावाची पहिली मोटार तेथून बाहेर पडली. या मोटारीवर उधळलेल्या घोड्याचे चिन्ह असते. नालबंदीवरून ते आले असावे, असा तर्क कोणी करील. पण तो खोटा ठरेल. फ्रांचेस्को बाराक्का या शूर वैमानिकाच्या विमानावर ते चिन्ह होते आणि तेथून ते घेतले गेले. शब्दांचा आणि चिन्हांचा अर्थ लावताना अशी सावधगिरी बाळगावी लागते.

आडनावांविषयीही तीच सावधगिरी हवी. इटलीतील सर्व फेरारी हे एकाच लोहाराचे वंशज नव्हेत; शेकडो गावांत शेकडो लोहारांपासून ते नाव स्वतंत्रपणे उत्पन्न झाले. 'फेरारा' हे आडनाव कधी लोहारकामाशी निगडित असते, तर कधी फेरारा नावाच्या शहरावरून आलेले असते. गोव्यात आणि वसईत 'फरेरा' हे आडनाव आढळते. तेही लोखंडाच्याच लॅटिन शब्दापासून निघालेले आहे. पोर्तुगालमध्ये लोखंड जेथे सापडे किंवा घडविले जाई, अशा ठिकाणांना ते नाव असे. परंतु गोव्यातील कुटुंबांनी ते धर्मांतराच्या वेळी पोर्तुगीजांकडून घेतले. तेव्हा त्या नावावरून गोव्यातील पूर्वज लोहार होते, असे म्हणता येत नाही. आडनाव पुष्कळ सांगते, पण सर्व सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लक्षावधी गरीब इटालियन पोट भरण्यासाठी अमेरिकेस गेले. जहाजावर त्यांच्यापाशी एखादे बोचके असे आणि दुसरे त्यांचे नाव. नेपल्सजवळच्या मार्चानिझे या गावाहून आलेल्या अशाच एका गृहस्थाची मुलगी म्हणजे जेराल्डिन फेरारो. ती आठ वर्षांची असताना वडील वारले. आईने शिवणकामावर, कपड्यांना मणी जडविण्याच्या कामावर मुलांना वाढविले आणि शिकविले. विवाहानंतरही जेराल्डिन यांनी सार्वजनिक जीवनात माहेरचेच आडनाव ठेवले. आईने उपसलेल्या कष्टांचा तो मान होता. १९८४ साली अमेरिकेतील डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांना उपराष्ट्राध्यक्षपदासाठी उमेदवार केले. तेथील प्रमुख पक्षाकडून या पदासाठी उभ्या राहिलेल्या त्या पहिल्या स्त्री होत. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. पण खेड्यातल्या लोहाराचे नाव त्या वर्षी साऱ्या जगाने ऐकले.

नावाचे मोल किती असते, हे इटलीला एका कटू अनुभवातूनही कळले आहे. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन, स्लोव्हेन आणि क्रोएट भाषा बोलणारे पुष्कळ लोक इटलीच्या सरहद्दीत आले. त्यांच्या भाषांतही श्रमाची स्मृती जपणारी आडनावे होती. स्लोव्हेन आणि क्रोएट भाषांत लोहाराला 'कोवाच' म्हणतात आणि तेही आडनाव आहे. मुसोलिनीच्या राजवटीत १९२६ साली एक फर्मान निघाले. त्याअन्वये प्रथम त्रेंतो प्रांतात आणि पुढे त्र्येस्तेच्या बाजूला अशा लोकांची आडनावे बदलून त्यांना इटालियन रूप देण्यात येऊ लागले. घर तेच, माणसे तीच. पण कागदावरचे नाव परके. आजोबाचे नाव एक आणि नातवाचे दुसरेच! ज्यांच्या बाबतीत हे घडले, त्यांना आपल्या पूर्वजांपासून तोडल्यासारखे वाटले, यात नवल नाही.

ती राजवट युद्धात कोसळली. १९४८ साली इटलीची नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या बाविसाव्या कलमात असे सांगितले आहे, की राजकीय कारणांसाठी कोणाचेही नागरिकत्व किंवा नाव हिरावून घेता येणार नाही. नागरिकत्वासारख्या मोठ्या हक्काच्या शेजारी नावाला स्थान मिळाले. नाव ही माणसाची केवळ खूण नसून त्याचा हक्क आहे, हे त्या देशाने मोठी किंमत देऊन मान्य केले.

इतर देशांकडे पाहिले, तरी हीच गोष्ट दृष्टीस पडते. इंग्लंडचा स्मिथ, जर्मनीचा श्मिट, फ्रान्सचा लफेव्र, रशियाचा कुझ्नेत्सोव, अरबस्तानातील हद्दाद आणि आपल्याकडील लोहार ही सारी एकाच कामाची नावे आहेत. भाषा निराळ्या, पोशाख निराळे, धर्म निराळे. पण प्रत्येक ठिकाणी तापलेल्या लोखंडापुढे उभा राहून घाम गाळणारा एक माणूस होता. त्याच्यावाचून शेजाऱ्यांचे चालत नव्हते, म्हणून त्याच्या कामानेच त्यांनी त्याला हाक मारली.

त्या लोहारांपैकी बहुतेकांची स्वतःची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांनी घडविलेले फाळ झिजून गेले, नाला गंजून मातीस मिळाल्या आणि भट्ट्या विझल्या. पण इटलीतील एखाद्या शाळेत गुरुजी हजेरी घेताना 'फेरारी' असे पुकारतात आणि मागच्या बाकावरचा मुलगा 'हजर' म्हणून उभा राहतो, तेव्हा सातआठशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिराचीही हजेरी लागते.